काणीचा नितळ फोटो

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला. "जालन्यात तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलात, लग्नातल्या गमतीजमती लिहा." मी म्हणालो, लग्नात कसली आलीय गंमत? नवरदेव घामेजलेला, नवरी रडवेली आणि मामा प्रत्येक फोटोत मधोमध. असे हजारो मामा मी काढलेत. त्यांच्यावर आणखी शाई घालवायची माझी बिलकुल इच्छा नाही. मी लिहिणार आहे ते अशा गिऱ्हाइकाबद्दल, जे नुसत्या डोळ्यांना दिसतच नव्हतं. आणि त्याच्यापायी माझी जी शोभा झाली, तिच्याबद्दल.

आधी माझ्या पेन्सिलीचं सांगतो, कारण सगळी भानगड तिनंच केली. आजच्या पोरांना वाटतं, थोबाड गोरंगोमटं करायचं काम मोबाईलनं सुरू केलं. अहो, हॅट! आम्ही ते हातानं करत होतो. लाकडी कॅमेरा, त्याला मागंपुढं सरकणारा चामडी भाता, पाठीमागं घासलेली काच. डोक्यावर काळं फडकं घेऊन त्या काचेवर चित्र पाहायचं, जुळवायचं, मग काच काढून तिथं फिल्म सरकवायची. फिल्म धुतली की निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं. गोरं ते काळं, काळं ते पारदर्शक. म्हणजे गालावर काळा डाग असेल, तर निगेटिव्हवर तिथं स्वच्छ भोक पडल्यासारखं दिसतं. त्या भोकात टोकदार पेन्सिलीनं हळूहळू शिसं भरायचं. फोटो छापला की डाग गायब! मुरूम, तीळ, कांजण्या, डोळ्याखालची काळोखी, सगळं मी पेन्सिलीनं बुजवलेलं आहे. आमच्या पाटीवर स्टुडिओच्या नावाखाली लिहिलेलंच होतं, 'नितळ फोटोची खात्री.'

स्थळाच्या फोटोंसाठी पार जाफराबादहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून लोक यायचे. एकदा भोकरदनच्या पाव्हण्यांनी फोटो पाहून होकार कळवला, मुलगी पाहायला आले, पोहे खाल्ले आणि हळूच विचारलं, "फोटोतली थोरली का?" घरात थोरली नव्हतीच. मुलीचा बाप दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर येऊन बोंबलला. मला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, काय हात आहे माझा!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावात बियाण्याच्या कंपन्या जोरात होत्या. त्यातल्या एका कंपनीच्या सगळ्या माणसांचे ओळखपत्राचे फोटो मी काढले होते. कंपनीचं नाव सांगत नाही, विचारू नका. तिथं प्रयोगशाळेत विमल नावाची मुलगी होती. तीर्थपुरीची, घरची शेती, घराण्यात कॉलेजला गेलेली पहिलीच. काम बियाणं तपासायचं. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, त्यामुळं दोन्ही गालांवर व्रण. तिच्या ओळखपत्राच्या फोटोवर मी सगळ्यात जास्त कष्ट घेतले होते. एक व्रण शिल्लक ठेवला नाही. फोटो हातात घेऊन तिनं उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "दादा, ही कोण?"

मी हसलो. मला वाटलं, तारीफ करून राह्यली.

तीच विमल एका मे महिन्यात लाकडी पेटी घेऊन रिक्षातून माझ्या दारात उतरली. पेटीत कंपनीचा मायक्रोस्कोप.

"दादा, याच्यातून दिसतं त्याचा फोटो निघंल का?"

"निघंल की! काय दिसतं याच्यात?"

"काणी."

काणी शहरातल्या वाचकांना माहीत नसेल. ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते, ती काणी. एकेका दाण्यात तिचे लाखो कण. मळणीत भुकटी उडते आणि चांगल्या दाण्यांना चिकटते. वरून पाहिलं तर बियाणं मोत्यासारखं. पण पेरलं की रोपाबरोबर काणीही वाढते आणि कणीस निघतं तेव्हा शेतकरी कपाळाला हात लावतो. उपाय एवढाच, पेरणीच्या आधी बियाण्याला गंधक चोळायचं. बियाण्यावर काणी आहे की नाही हे पाहायला विमल ते पाण्यात खळखळून धुवायची आणि त्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर ठेवून मायक्रोस्कोपखाली बघायची. एका मोठ्या लॉटमध्ये तिला काणीचे कण दिसले होते, भरपूर.

अडचण अशी की पोती भरून, शिवून, रचून ठेवलेली. मॅनेजर सोनटक्के यांनी 'माल उत्तम' म्हणून सही ठोकलेली. विमलनं सांगितलं तेव्हा त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि म्हणाले, "ही धूळ आहे, बाई. जालन्यात धूळ न्हाई तर काय केशर पडंल?" ती म्हणे काणी, ते म्हणे धूळ. प्रकरण शेठजींकडं गेलं.

शेठजींचं घराणं राजस्थानातून येऊन जालन्यात चार पिढ्या मुरलेलं. माणूस व्यवहाराला चोख, पण मायक्रोस्कोपपुढं एक पंचाईत होती. त्यांना एकच डोळा मिटता यायचा नाही. मिटले की दोन्ही मिटायचे! विमलनं त्यांना तीनदा बसवलं. शेठजी मायक्रोस्कोपला डोळा लावायचे, दुसरा मिटायचे, आणि दोन्ही डोळे गच्च मिटून म्हणायचे, "बेटा, यहाँ तो अंधेरा है." शेवटी वैतागून म्हणाले, "फोटो काढून आण. फोटो झूठ बोलत न्हाई."

हे वाक्य लक्षात ठेवा.

"फोटोत काणी दिसली तर पोती उघडून गंधक लावणार," विमल म्हणाली. "न्हाई दिसली तर सोनटक्के साहेब मला घरी बसवणार. तसं स्पष्ट बोलले. बापानं भावकीशी भांडून मला नोकरीला धाडलं, दादा. परत गेले तर सगळे म्हणतील, आम्ही सांगतच होतो."

मी छाती ठोकून म्हणालो, "ताई, तुम्ही बेफिकीर राहा."

आता मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडायचा म्हणजे काय, ते सांगतो. कॅमेऱ्याचं स्वतःचं भिंग काढून टाकायचं. इथं भिंग मायक्रोस्कोपचंच. त्यातून वर येणारा उजेड सरळ कॅमेऱ्याच्या भात्यात घ्यायचा, बाहेरचा एक कवडसाही आत जाता कामा नये. सांगायला सोपं आहे. पण पाण्याचा थेंब आडवा असतो, म्हणून मायक्रोस्कोप उभाच ठेवावा लागतो, आणि माझा धिप्पाड लाकडी कॅमेरा त्याच्या डोक्यावर तोंड खाली करून टांगावा लागतो. त्यासाठी मी रशीदभाईच्या लेथवर गेलो. रशीदभाई ट्रॅक्टरचे सुटे भाग घडवणारा माणूस. मी कागदावर काढलेली तिवई त्यानं पाहिली.

"मियाँ, ये किसका फोटू निकालरे?"

"ज्वारी का."

"क्यों, उसकू भी रिश्ता आया क्या?"

पण पठ्ठ्यानं दुसऱ्याच दिवशी लोखंडी पट्ट्यांची अशी भक्कम तिवई करून दिली की तिच्यावर म्हैस उभी राहिली असती. मायक्रोस्कोप आणि कॅमेरा यांच्यामधली नळी मी पावडरच्या डब्याची केली. दोन्हीकडून कापला आणि आतून काळं मखमल लावलं, म्हणजे उजेड चकाकणार नाही. मखमल माझ्या लग्नातल्या कोटाच्या कॉलरचं होतं. बायकोला, म्हणजे मंगलला, हे पुढच्या लग्नसराईत कळलं, तेव्हा जे ऐकायला मिळालं ते छापण्यासारखं नाही.

स्टुडिओच्या मागच्या अंगणात आम्ही सगळं मांडलं. चौरंगावर मायक्रोस्कोप, वर तिवई, तिवईत कॅमेरा. मायक्रोस्कोपच्या पायाशी छोटा आरसा असतो, त्यावर ऊन घेतलं. मी डोक्यावर फडकं घेऊन वरच्या काचेवर वाकलो आणि मला एक अप्रतिम वर्तुळ दिसलं. काळीभोर कड, आत चांदीसारखा प्रकाश.

"ताई! सापडली! काय देखणी आहे हो काणी!"

विमल फडक्याखाली शिरली आणि खदाखदा हसत बाहेर आली. "दादा, हा हवेचा बुडबुडा आहे."

दुसरी अडचण हादऱ्याची. आमच्या रस्त्यानं सळयांचे ट्रक जायचे. ट्रक गेला की काचेवर सगळं थुईथुई नाचायचं. त्यात कॅमेऱ्याचं झाकण उघडतानासुद्धा तिवई थरथरायची. शेवटी मी जुनी युक्ती काढली. आरशावरच्या उन्हात पुठ्ठा आडवा धरायचा. कॅमेरा उघडायचा. हादरा शांत होऊ द्यायचा. रस्त्याचा कानोसा घ्यायचा. ट्रक नाही, टांगा नाही, की पुठ्ठा बाजूला, एक, दोन, तीन, पुठ्ठा परत. कॅमेऱ्याला हात न लावता फोटो! ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती, आणि तिचा मला आजही गर्व आहे.

चित्र विमलनंच जुळवलं. जुळवून झाल्यावर तिनं मला बघायला सांगितलं. "आली ना बराबर?"

मी वाकलो. मधोमध ज्वारीच्या सालपटाचा एक मोठा तुकडा होता, जाळीदार, बारीक नक्षीचा. त्याच्या आजूबाजूला राईएवढे गोल गोल ठिपके सांडलेले.

"आली ना! मस्तच आली!" मी म्हणालो.

माझी चूक इथं झाली. स्टुडिओवाला कधी विचारत नाही की यातली नवरी कोणती. मध्ये जी नटूनथटून बसलेली असते ती नवरी. मी सालपटाला नवरी धरलं.

विमल मायक्रोस्कोप पेटीत भरून निघाली. जाताना म्हणाली, "दादा, फोटो थेट शेठजींच्या हातात द्या. मधल्या कुणाच्या हाती नको." तिला सोनटक्क्यांची भीती होती. बिचारीला काय माहीत, घात करणारा तिच्यासमोरच पुठ्ठा घेऊन उभा होता.

संध्याकाळी फिल्म धुतली. निगेटिव्ह काय खणखणीत उतरलं होतं! सालपटाची रेघन् रेघ. फक्त ते ठिपके. मला वाटलं, काच नीट पुसली नसणार. जालन्याची धूळ! सोनटक्के म्हणाले होते तेच माझ्याही डोक्यात आलं, फरक इतकाच की ते म्हणून थांबले आणि मी पेन्सिल उचलली. दोन तास बसलो. एकेका ठिपक्यात शिसं भरलं. मंगलनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. शेवटचा ठिपका बुजवून मी पाठ ताठ केली तेव्हा मला वाटलं, एवढं सफाईदार काम मी आयुष्यात केलं नसेल. आणि खरंच केलं नव्हतं.

सकाळी फोटो मोठा छापला, सोनेरी काठाच्या पुठ्ठ्यावर चिकटवला, वर लग्नाच्या अल्बमला लावतो तो पातळ कागद लावला आणि शेठजींच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिला. "वा! एकदम साफ!" माझी छाती फुगली. मी नमस्कार करून निघालो.

तीन दिवसांनी बाजारात सोनटक्के भेटले. स्वतःहून माझा हात हातात घेतला. "फोटोग्राफर, तुम्ही आमची भानगड मिटवली. फोटोत काणीचा एक ठिपका न्हाई. शेठजी बाईवर असे भडकले! ती म्हणू लागली, काचेवर ठिपके होते, मी डोळ्यांनी पाह्यले. मंग ते गेले कुठं? दिली घरी धाडून."

"कसले ठिपके?" मी विचारलं.

"काणी म्हणजे बारीक गोल ठिपकेच असतात ना हो."

म्हणजे मी दोन तास बसून काणीच बुजवली होती. मी "अस्सं होय" म्हणालो आणि घरी आलो.

आणि गप्प बसलो. लिहायला लाज वाटते, पण चार दिवस गप्प बसलो. मनाला सांगत होतो, आता बोलून काय उपयोग. खरं कारण वेगळं होतं. पाटीवर नितळ फोटोची खात्री लिहिलेला माणूस, 'मी फोटोत खाडाखोड करतो' असं शेठजींना कोणत्या तोंडानं सांगणार? अर्धं जालना शेठजींच्या पेढीवर बसायला असायचं.

पाचव्या दिवशी मी जेवताना मंगलला सांगून टाकलं. तिनं वाढता वाढता हात थांबवला.

"म्हणजे तुमच्या पेन्सिलीनं एका पोरीची भाकर खाल्ली," ती म्हणाली. "आणि तुम्ही इथं बसून दुसरी मागून राह्यले."

दुपारच्या एसटीनं मी तीर्थपुरीला गेलो.

विमल अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला पाहून उठली नाही. "या. मॅनेजरनं काय चारलं तुम्हाला?"

"काही न्हाई ताई. फुकटच केलं."

मी सगळं सांगितलं. सालपट, नवरी, धूळ, पेन्सिल. ती ऐकत राहिली. शेंगा फुटायच्या थांबल्या. मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

"किती ठिपके होते?"

"मोजले न्हाई. पण दोन तास लागले."

"दोन तास!" तिनं हातातली शेंग भिरकावली. "आठ दिवस झाले, दादा. आठ दिवस माझा बाप पारावर गेला न्हाई. लोक विचारतात, पोरीनं काय चोरलं का? आणि मला स्वतःला वाटायलं, मी येडी तर न्हाई? मी पाह्यलं ते होतं का न्हाई?" मग एकदम शांत आवाजात म्हणाली, "मला कशाला सांगता? शेठजींना सांगा. माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी आम्ही पेढीवर हजर झालो. मी निगेटिव्ह नेलं होतं, त्याचं कारण सांगतो. पेन्सिलीचं काम निगेटिव्हच्या अंगावर असतं, आत नसतं. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की शिसं निघून येतं आणि खालचं मूळ जसंच्या तसं उरतं. शेठजींसमोर मी कबुली दिली आणि बोळा फिरवला. कापूस काळा झाला. निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरलं. ठिपके सगळेच्या सगळे परत आले होते.

मला वाटलं, झालं. सुटलो.

सोनटक्के शांतपणे म्हणाले, "शेठजी, जो माणूस डाग काढतो, तो डाग लावू पण शकतो. आठ दिवसांनी यांना आज आठवलं? बाई यांच्या संगं आली, ते दिसूनच राह्यलं."

मी खोटं दिलं तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली होती. खरं घेऊन आलो तर लबाड ठरलो. शेठजी माझ्याकडं पाहत म्हणाले, "भाऊ, फोटोवाला माणूस असं काही करंल, हे मला पटत न्हाई. फोटो म्हणजे फोटो."

तेव्हा विमलनं पर्समधून ओळखपत्र काढून शेठजींच्या समोर ठेवलं. "हा फोटो यांनीच काढलेला आहे, शेठजी. आता माझ्याकडं बघा."

शेठजींनी फोटो पाहिला. तिच्याकडं पाहिलं. परत फोटो. पेढीवर दिवाणजी होता, दोन व्यापारी बसलेले होते, सगळे तिच्या गालांकडं बघू लागले. ती मान ताठ ठेवून उभी होती. मी मात्र खाली बघत होतो. एका मुलीला आपला शब्द खरा करायला सगळ्यांसमोर स्वतःचे व्रण दाखवावे लागले, आणि त्याला कारण माझी कारागिरी. तिनं विचारलं होतं, "दादा, ही कोण?" ती तारीफ नव्हती, हे मला तेव्हा कळलं. फार उशिरा कळलं.

"एकपण ठेवला न्हाई तुम्ही," शेठजी हळू म्हणाले. "म्हणजे काढता, हे खरं. पण काणी होती की न्हाई, हे कसं समजायचं? फोटोवर तर आता माझा भरोसा राह्यला न्हाई."

आणि माझं डोकं चाललं. आयुष्यात दोनदा चाललं, एकदा पुठ्ठ्याच्या वेळी आणि एकदा हे.

"शेठजी, फोटो नकोच. तुम्ही स्वतः बघा. दोन्ही डोळ्यांनी."

तासाभरात हातगाडीवर तिवई, कॅमेरा, चौरंग आणि पावडरचा डबा अशी माझी वरात पेढीच्या दारात आली. मायक्रोस्कोप प्रयोगशाळेतून आला. पेढीच्या उंबऱ्यात ऊन यायचं, तिथंच मांडलं. फिल्म घातलीच नाही. वर नुसती घासलेली काच. विमलनं येताना तीर्थपुरीहून एका डब्यात काणी पडलेलं वाळलं कणीस आणलं होतं. तिनं त्याची चिमूटभर भुकटी पाण्यात कालवून पहिली काचपट्टी केली. दुसरी त्या लॉटचं शिवलेलं पोतं शेठजींच्या माणसासमोर उसवून, बियाणं धुवून केली.

शेठजींना पाटावर उभं केलं. काळ्या फडक्याखाली पगडी मावेना. शेवटी त्यांनी पगडी काढून दिवाणजीच्या हातात दिली. शेठजींचं बोडकं डोकं गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रस्त्यावर माणसं जमली. कुणी विचारलं, "शेठजी काय बघून राह्यले?" दुसरा म्हणाला, "बायस्कोपातली मुंबई."

फडक्याखालून आवाज आला, "गोल गोल दिसतंय!"

"ही काणी," विमल म्हणाली. "कणसातली. आता दुसरी लावते, ही आपल्या पोत्यातली."

खाली तिनं काचपट्टी बदलली, चित्र जुळवलं. वर शेठजींच्या पाठीचा तो काळा डोंगर स्तब्ध उभा होता. रस्त्यानं सळयांचा ट्रक गेला आणि शेठजी ओरडले, "अरे, हिलतंय! ये तो नाच रहे!"

"ट्रकनं हललं," मी म्हणालो. "पेन्सिलीचे ठिपके असते तर हलले नसते, शेठजी."

विमलनं पट्टी जराशी उजवीकडं सरकवली. "आता डावीकडं पळतील. उलटं दिसतं."

"पळाले!"

शेठजी फडक्यातून बाहेर आले, घामानं निथळत, उरलेले चार केस उभे. पगडी मागितली नाही. सोनटक्क्यांना म्हणाले, "साहेब, तुम्ही बघा."

सोनटक्के म्हणाले, "मी पाह्यलंय शेठजी, मागेच."

"बघा म्हटलं."

सोनटक्के फडक्याखाली गेले. लवकर बाहेर आले नाहीत. मला वाटतं, माणसाला तोंड लपवायला काळ्या फडक्यासारखी दुसरी जागा नाही. अनुभवानं सांगतो, मलाही त्या दिवशी आत जावंसं वाटत होतं.

त्या लॉटची सगळी पोती उसवली गेली. सगळ्या बियाण्याला गंधक चोळलं. चार दिवस कंपनीत प्रत्येक माणूस शिंकत होता, सोनटक्के सगळ्यात जास्त, कारण शेठजींनी त्यांना तिथंच उभं केलं होतं. मृगाच्या आधी माल वेळेवर गेला. विमल प्रयोगशाळेत परत आली. शेठजी तिच्या बापाला भेटायला स्वतः तीर्थपुरीला गेले आणि पारावर बसून चहा पिऊन आले. एवढं मोठेपण त्यांच्यात होतं, ते नाकारता येत नाही.

ती तिवई पुढं बरीच वर्षं चालली. कॉलेजचे प्राध्यापक यायचे, डॉक्टर यायचे. एक जण विभूतीची पुडी घेऊन आला, म्हणाला यात देव दिसतो का बघा. मला मीठ दिसलं, मी सांगितलं नाही. एक लग्न झालेला गडी झाकलेली बाटली घेऊन आला. सासुरवाडीला दाखवायला त्याला पुरावा पाहिजे होता की त्याच्यात काही कमी नाही. मी त्याला डॉक्टरचा पत्ता दिला आणि हात तीनदा धुतले. नंतर कंप्युटरवाले मायक्रोस्कोप आले आणि तिवईवर मंगलनं तुळस ठेवली.

पण एक फोटो सांगायचा राहिला.

ते सगळं मिटल्यावर आठवड्यानं विमल स्टुडिओत आली. सरळ स्टुलावर बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "दादा, कार्डावरचा फोटो परत काढा. आणि ती पेन्सिल माझ्या हातात द्या."

दिली. तिनं ती मुठीत धरली आणि कॅमेऱ्याकडं बघितलं. मी फडक्याखाली गेलो. घासलेल्या काचेवर तिचा चेहरा उलटा दिसत होता, प्रत्येक व्रण स्पष्ट, कारण उजेड मी बाजूनंच लावला होता. सवयीनं हात वळवळत होता. एरवी म्हणतो तसं "जरा हसा" म्हणायला गेलो, पण म्हटलं नाही.

फिल्म धुतली. निगेटिव्ह सुकवलं. पेन्सिल विमलच घेऊन गेली होती, आणि खोटं कशाला बोलू, ड्रॉवरमध्ये दुसऱ्या सहा होत्या. ड्रॉवर दोनदा उघडला. दोनदा बंद केला.

फोटो न्यायला आली तेव्हा तिनं तो खिडकीशी नेऊन पाहिला, बराच वेळ. मग म्हणाली, "ही मी."

तिच्या दोन्ही गालांवर मिळून किती व्रण आहेत, ते मी मोजले नाहीत. पण त्या फोटोत एकही कमी नाही. त्याची मात्र खात्री देतो.